कान्हेरीच्या पोढ्या

विहार म्हटला की आपल्याला बुद्धमूर्ती, वंदना, प्रवचन आठवते. पाणी काही आठवत नाही. परंतु प्राचीन काळी लेणे खोदून देणारे दाते पाण्याचीही सोय करीत आणि ते दान खडकावर कोरून ठेवीत. कान्हेरीला जाऊन आलेल्या उपासक-उपासिकांनी लेण्याच्या अंगणात एका बाजूला खोदलेले कुंड पाहिलेच असेल. आपण त्याला टाकं म्हणतो. शिलालेखातला शब्द आहे ‘पोढी’.

बोरिवलीच्या या डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत. सातवाहन काळात सुरू झालेली इथली वस्ती नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या वेळीही नांदती होती. आता अडचण अशी, की पाऊस इथे धो धो पडतो, पण चारच महिने. पुढचे आठ महिने डोंगर तापलेला. वर्षावास संपल्यावर मागे राहणाऱ्या भिक्खूंनी प्यायचं काय?

त्यावरचा उपाय खडकातच कोरलेला आहे. लेण्यांच्या माथ्यावर बारीक पन्हळी काढल्या आणि उताराने त्या पोढीपर्यंत आणल्या. पोढीचे तोंड लहान, पोट मोठे. ऊन आत शिरत नाही, पाणी कमी आटते. शिवाय सगळी भिस्त एका तळ्यावर नाही. ज्या कातळावर पाऊस पडला, त्याच्याच पायथ्याशी तो साठला.

दाते कोण? कल्याणचा सोनार सामिदत याची ‘पानियपोढि’ आहे. दुसरे दान सतेरक नावाच्या अमात्याचे. त्याच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. नाणेघाटात वाटसरूंसाठी सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दिली. सोनार काय नि अमात्य काय, दान एकच, पाण्याचे. आणि याच कोकणात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, हे इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

कान्हेरीच्या आसपासच्या याच डोंगरांतून दहिसर आणि पोयसर नद्या निघतात. मिठी निघते ती विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तिन्ही नद्यांच्या काठची वस्ती बुडाली. त्यात आपली माणसं किती होती, ते वेगळं सांगायला नको. पोढ्यांनी तो पूर अडवला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण वर पडणारे पाणी वरच अडवायचे सोडून आपण ते गटारात ढकलतो आणि उन्हाळ्यात टँकर बोलावतो, हेही खरेच.

काही पोढ्यांत आजही पाणी असते, काहींत गाळ साचला आहे. कान्हेरीला जाणाऱ्यांनी चैत्यगृह पाहून लगेच परतू नये. भर पावसाळ्यात पायऱ्या चढून वर जावे, म्हणजे पन्हळींतून पाणी वाहताना दिसते. दगड निसरडे असतात, तेवढे सांभाळावे.