पाहिलेली जागा आणि न वाचलेला कागद

आगगाडी कर्जत सोडून लोणावळ्याकडे चढूं लागली म्हणजे प्रवासी बोगदे मोजतात, धबधबे पाहतात. या घाटाला पैसा कोणीं पुरविला हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाहीं. वास्तविक मावळच्या इतिहासांत हें प्रकरण किल्ल्यांच्या हकीकतींपेक्षां कमी मनोरंजक नाहीं.

भोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. सुमारें १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढण, २५ बोगदे, आणि ते खोदतांना पटकीनें व अपघातांनीं मेलेले असंख्य मजूर! त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. पैसे घालणारे बहुतेक इंग्लंडांतले; त्यांनीं सह्याद्रि जन्मांत पाहिला नव्हता. त्यांनीं पाहिला होता तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा १८४९ चा करार. भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांत दिली होती. रेल्वेला नफा होवो वा न होवो, तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून, म्हणजे अखेर येथल्या रयतेच्या खिशांतून, भरून निघावयाची. हा सौदा आम्हांवर अन्याय करणारा होता, हें रमेशचंद्र दत्तांनीं पुढें दाखवून दिलेंच आहे. परंतु पैसे गुंतविणाऱ्याच्या बाजूनें पाहतां त्यांत खोट नव्हती. काय मिळेल, कोण देईल आणि न दिल्यास कोणास धरावयाचें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कागदावर होतीं.

आतां त्याच वर्षींची घाटाखालची मुंबई पाहा. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी! समुद्र हटवून जमीन काढणारी बॅक बे कंपनी ही त्यांत सर्वांची लाडकी. प्रेमचंद रायचंदांचें नांव जिच्या पाठीशीं असेल तिचे शेअर मिळावे म्हणून लोक दारांत ताटकळत. समुद्र तर सर्वांच्या डोळ्यांपुढें होता, आणि तो हटवितां येतो हेंही खोटें नव्हतें. पण शेअर घेणाऱ्याचें लक्ष जमिनीकडे नव्हतेंच. उद्यां आपल्याहून उतावळा कोणी भेटेल आणि अधिक किंमत देईल, एवढाच त्याचा हिशेब. १८६३ च्या कायद्यानें मुंबई बँकेस शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. म्हणजे कागदाला कागदच जामीन राहिला. एप्रिल १८६५ मध्यें सेनापति ली शरण आल्याची बातमी येतांच कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं निम्मी पेढी-बाजारपेठ उघडी पडली. बँकेचें जवळजवळ सर्व भांडवल बुडालें व १८६८ सालीं चौकशी-समिति बसली. ज्यांनीं घाट कधीं पाहिला नाहीं त्यांचें व्याज चालू राहिलें. ज्यांच्या दारीं समुद्र होता ते बुडाले.

याच घाटमाथ्यावर दीडशें वर्षांनीं असाच दुसरा प्रसंग आला. लोणावळ्याहून भुशीवरून दक्षिणेस जाणारा रस्ता कोराईगडाच्या पायथ्याशीं पोहोंचतो. तटावरून खालीं अँबी व्हॅलीचे बंगले व कृत्रिम जलाशय दिसतात. तालुका मुळशी, पण लोकांच्या तोंडीं लोणावळाच. हें शहर सहारा समूहाचें. याच समूहाच्या दोन कंपन्यांनीं सुमारें तीन कोटि लोकांकडून रूपांतरणीय कर्जरोख्यांवर पैसा जमविला आणि हा खाजगी व्यवहार असल्याचें सांगितलें. १९५६ च्या कंपनी कायद्यांत तर ५० माणसांची मर्यादा होती! २००९ सालीं समूहाच्या तिसऱ्याच एका कंपनीचें माहितीपत्रक 'सेबी'कडे तपासणीस आलें, तेव्हां हें प्रकरण उजेडांत आलें. ३१ ऑगस्ट २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सुमारें २४,००० कोटि रुपये शेंकडा १५ व्याजानें परत करण्याचा हुकूम दिला. वसुलीसाठीं २०१७ सालीं अँबी व्हॅली जप्त होऊन लिलावास निघाली. राखीव किंमत ३७,००० कोटींहून अधिक, आणि लिलाव फसला. रोख्यांच्याच पैशांतून हें शहर उठलें असें मला म्हणावयाचें नाहीं. शहर शाबूत उभें असतांही रोखेवाल्याचा पैसा त्यांतून काढतां आला नाहीं, इतकेंच दिसतें.

आतां दाखविण्यासाठीं डोंगर किंवा समुद्रही लागत नाहीं. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक आकडा रोज वाढत जातो. विश्वास बसावा म्हणून पहिली लहान रक्कम परतही येते. मोठी काढावयास जावें तों 'आधीं कर भरा' असा निरोप येतो. आकडा ज्याच्या हातीं, तो हवा तेवढा वाढवूं शकतो. तेव्हां घाटाच्या भागीदारांचे तीन प्रश्न येथेंही विचारावयाचे. सल्लागाराचें वा दलालाचें नांव 'सेबी'च्या नोंदणींत आपण स्वतः शोधावें. त्यानें पाठविलेल्या प्रमाणपत्राच्या चित्रावर भिस्त ठेवूं नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदलेल्या मध्यस्थांसाठीं 'व्हॅलिड' हें अक्षर असलेले यूपीआय पत्ते निघाले आहेत, व 'सेबी चेक' या सोयीनें खातेंही पडताळतां येतें. एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या नांवच्या खात्यांत पैसे भरावयास सांगितलें, तर पुढें वाचावयाचें कारण नाहीं. आणि पैसे गेलेच, तर लाजेनें घरांत गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. चार खात्यांतून पुढें सरकण्याआधीं ते अडविले जाण्याचा संभव तेवढाच काळ असतो.