तळटीप : गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेतल्या निर्वात नळ्यांचे काम प्लाझ्माच्या संस्थेकडे का, असा प्रश्न वाचकाला पडेल. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, विद्युतभारित कणांचा वायू. तो शुद्ध मिळवायचा तर आधी पात्रातली हवा जवळजवळ पूर्ण काढावी लागते. निर्वाताचे कसब तिथून येते.

याच विद्येची एक शाखा अंतराळात जाते. यानाला ढकलणाऱ्या छोट्या रेडिओलहरी थ्रस्टरमध्ये झेनॉनसारखा वायू नळीत सोडून भोवतीच्या वेटोळ्यात, बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झचा, प्रवाह खेळवतात. हलके इलेक्ट्रॉन त्या तालावर धावतात आणि अणूंवर आदळून आयन घडवतात. जड आयनांना तो वेग झेपत नाही. मात्र काही रचनांत तोंडाशी इलेक्ट्रॉन आधी निसटू पाहतात, आणि त्यातून उभे राहणारे विद्युतक्षेत्र आयनांनाही बाहेर ओढते. खरी अडचण आकाराची. नळी जितकी अरुंद, तितकी भिंत जवळ. आयन तिच्यावर आदळून विझतात, ऊर्जा वाया जाते. म्हणून चुंबकीय क्षेत्राचे कुंपण घालतात.

लायगो-इंडियाच्या प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन बाहूंतल्या नळ्यांत मात्र वायूच नको आहे. या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली.