जपानी अभिजात स्पोर्ट्‌स कार : बाजारभाव आणि अस्सलपणा

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून शतकाअखेरपर्यंत जपानी कारखान्यांत तयार झालेल्या आणि आज संग्राहकांच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या वेगवान गाड्या. टोयोटा २०००जीटी, निसान स्कायलाइन जीटी-आर, डॅटसन २४०झेड, माझदा कॉस्मो स्पोर्ट आणि होंडा एनएसएक्स ही त्यांतील ठळक नावे. दुर्मिळता, शर्यतींतील कामगिरी आणि गाडीची आजची अवस्था यांवरून भाव ठरतो असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मोठी रक्कम मोजली जाते ती कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या इतिहासाला. गाडीत बदल झाला की नाही, यापेक्षा झालेल्या बदलाची नोंद आहे की नाही, याकडे जाणकार खरेदीदार अधिक बारकाईने पाहतो.

जपानी गाड्यांबाबत ही नोंद मिळवणे विशेष अवघड असते. यांतल्या अनेक गाड्या मुळात स्वस्त होत्या. तरुणांनी त्या दामटून चालवल्या, इंजिने बदलली, मडगार्डे कापून रुंद टायर बसवले. त्या काळच्या पत्र्याला गंजही लवकर धरे. जपानमध्ये ठरावीक मुदतीने होणारी ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी खर्चिक असते आणि तेरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीवर वाहनकरही वाढतो, म्हणून जुनी गाडी भंगारात काढणेच अनेकांना परवडत आले. शिवाय शाकेनच्या प्रमाणपत्रावर चासी नंबर असतो, इंजिनाचा मात्र केवळ प्रकार लिहिलेला असतो, त्याचा स्वतंत्र क्रमांक नसतो. अमेरिकी संग्राहक ज्याला ‘नंबर जुळणारी गाडी’ म्हणतात, ती कसोटी अशा गाडीला केवळ सरकारी कागदांवरून लावता येत नाही.

भावांच्या शिखरावर टोयोटा २०००जीटी आहे. यामाहाच्या सहकार्याने १९६७ ते १९७० या काळात या गाड्या बांधल्या गेल्या. नमुना गाड्या धरून त्यांची संख्या ३५१ सांगितली जाते. सहा सिलिंडरांचे दोन लिटरचे इंजिन १५० अश्वशक्ती देई. आतील लाकूडकाम यामाहाच्या वाद्यनिर्मितीच्या अनुभवातून आले होते. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या सुमारे साठच गाड्या निघाल्या. त्यांतली एक पिवळी गाडी २०१३ मध्ये अमेरिकेतील लिलावात ११ लाख ५५ हजार डॉलरना गेली, तेव्हा जपानी गाडीने दहा लाख डॉलरची रेषा ओलांडल्याची मोठी चर्चा झाली. २०२२ मध्ये याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीला २५ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. ती कॅरल शेल्बी यांच्या चमूने १९६८ च्या अमेरिकी शर्यतींत उतरवलेल्या गाड्यांपैकी एक होती. शर्यतीसाठी तिच्यात भरपूर फेरफार झाले होते. कारखान्यातून निघाली तशी ती राहिली नव्हती, तरीही भाव वाढलाच, कारण तिचे फेरफार हाच तिचा नोंदलेला इतिहास होता.

नकलांचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो पहिल्या पिढीच्या स्कायलाइन जीटी-आरबाबत. डब्यासारख्या आकारामुळे ही स्कायलाइन ‘हाकोसुका’ या टोपणनावाने ओळखली जाते. १९६९ मध्ये चार दारांची (पीजीसी१०) आणि १९७० मध्ये दोन दारांची (केपीजीसी१०) जीटी-आर आली. दोन्हींत एस२० हे चोवीस व्हॉल्व्हचे, १६० अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याचे मूळ प्रिन्स कंपनीच्या आर३८० या शर्यतीच्या गाडीत सापडते. प्रिन्स १९६६ मध्ये निसानमध्ये विलीन झाली होती. बाहेरून मात्र साध्या स्कायलाइन जीटीचा सांगाडा जवळपास तसाच दिसतो. मागची चाकाची कमान कापायची, वर रुंद पट्टी बसवायची आणि जीटी-आरचे बिल्ले लावायचे, एवढ्यावर दुरून फसवणूक होऊ शकते. साध्या जीटीच्या चासीवर केजीसी१० हा संकेत असतो, खऱ्या जीटी-आरच्या संकेतात ‘पी’ हे जादा अक्षर असते. या एका अक्षरावर भावात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून नंबर कोरलेला पत्रा कापून दुसऱ्या गाडीत जोडला आहे का, हे वेल्डिंगच्या खुणांवरून तपासावे लागते. उघडपणे ‘प्रतिकृती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचाही बाजार आहे आणि तो प्रामाणिक आहे; गोंधळ होतो तो दोन-चार मालक बदलल्यानंतर जाहिरातीतून हा शब्द गळून पडतो तेव्हा. १९७३ मध्ये आलेल्या पुढच्या जीटी-आरच्या अवघ्या १९७ गाड्या झाल्या, त्यामुळे तिथे संशयाला आणखी जागा असते.

डॅटसन २४०झेडची गोष्ट उलटी आहे. १९७० पासून अमेरिकेत ३,५२६ डॉलरना विकलेली ही गाडी प्रचंड खपली, म्हणून ती दुर्मिळ नाही. पण अमेरिकी गाड्यांच्या बॉनेटखालच्या पाटीवर चासी आणि इंजिन दोहोंचे क्रमांक असत, त्यामुळे अस्सलपणा ताडून पाहता येतो. सुरुवातीच्या गाड्यांना मागच्या दारावर हवेच्या दोन जाळ्या होत्या, त्या आज शोधून घेतल्या जातात. १९७३ च्या मॉडेलचे सपाट माथ्याचे कार्ब्युरेटर प्रदूषण-नियमांसाठी बसवलेले आणि कटकटीचे होते. बहुतेक मालकांनी ते काढून आधीचे गोल माथ्याचे बसवले. गाडी त्यामुळे चांगली चालते, पण मूळची राहत नाही. २०२० मध्ये ऑनलाइन लिलावात कमी धावलेली १९७१ ची एक गाडी ३ लाख १० हजार डॉलरना गेली, तो भाव मात्र अपवादच मानायला हवा.

१९८९ नंतरच्या गाड्यांचे भाव अमेरिकेच्या एका नियमाने हलवले. तिथल्या सुरक्षा-मानकांनुसार न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावर आयात करता येते. त्यामुळे स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२ या पिढीला २०१४ मध्ये, तर आर३४ ला २०२४ मध्ये हे दार उघडले आणि जपानमधला साठा झपाट्याने बाहेर जाऊ लागला. अशा वेळी तिथल्या व्यापारी लिलावांचे तपासणीपत्रक उपयोगी पडते. त्यातील आकृतीवर ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे ठोकून रंगवलेला पत्रा, ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला भाग, आणि ‘आर’ ही श्रेणी म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती. चित्रपटाची कीर्ती या साऱ्या हिशेबाबाहेर पडते : ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’मधली नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना विकली गेली, आणि तिच्यात बदल नाहीत असे कोणीच म्हणणार नाही.

उत्पादकही आता या बाजारात उतरले आहेत. होंडा १९९३ पासून एनएसएक्स कारखान्यात परत घेऊन नूतनीकरण करून देते. निसानने २०१७ मध्ये आर३२ चे, तर टोयोटाने २०२० मध्ये सुप्राचे भाग पुन्हा बनवायला घेतले आणि पुढे २०००जीटीचेही. भाग कंपनीचाच, पण काल बनलेला. त्याला मूळ मानायचे की बदललेला, यावर संग्राहकांत एकमत नाही. पावती जपून ठेवलेल्या गाडीला तरी त्याने उणेपणा येऊ नये.

भारतात त्या काळी मोटारींची आयात जवळपास बंद असल्याने या गाड्या इथे फारशा आल्याच नाहीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी त्यासाठी अट आहे. एस२० च्या जागी दुसरे इंजिन बसवलेली हाकोसुका या अटीत बसणे कठीण.