'एस्पोझितो' : एका इटालियन आडनावाचा अर्थ व त्याची साक्ष

इटालियन आडनावांचे सामान्यतः चार वर्ग केले जातात : पित्याच्या नावावरून आलेली, स्थलवाचक, व्यवसायवाचक आणि शारीरिक अथवा स्वभावगत विशेष दर्शविणारी. या चारही वर्गांतील नाव एखाद्या पूर्वजाविषयी काही ना काही सांगते. नेपल्स व तिच्या सभोवतालच्या कांपानिया प्रांतात विपुल आढळणारे 'एस्पोझितो' हे आडनाव मात्र या वर्गीकरणात बसत नाही. पूर्वज अज्ञात आहे, एवढेच ते मुळात सांगत होते.

या नावाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. 'बाहेर ठेवणे' या अर्थाच्या 'एक्स्पोनेरे' या लॅटिन क्रियापदापासून 'एक्स्पोझितुस', म्हणजे 'बाहेर ठेवलेला', हे धातुसाधित झाले आणि त्यापासून 'एस्पोझितो'. रोमच्या परिसरात याच अर्थी 'प्रोयेत्ती', म्हणजे 'टाकलेले', हे आडनाव आढळते. मनुस्मृतीने गणलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांतील 'अपविद्ध' ही संज्ञा अर्थाने याच्या अगदी निकट आहे. परंतु ती धर्मशास्त्रातील संज्ञाच राहिली. इटलीत त्या अर्थाचा शब्द माणसाच्या नावाला कायमचा जोडला गेला.

हे कसे घडले ते पाहण्यासाठी नेपल्स येथील 'अनुन्त्सियाता' या धर्मादाय संस्थेकडे वळले पाहिजे. तिच्या भिंतीत आसाभोवती फिरणारे एक पोकळ लाकडी चाक बसविलेले होते. बाहेरील व्यक्तीने त्यात अर्भक ठेवून चाक फिरविले की आतील दाई ते उचलून घेई. ठेवणाराचे मुख कोणास दिसत नसे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्मग्रामांतून विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवण्याविषयी नियम केले. नोंदवही आली म्हणजे नावाचा रकाना आला, आणि ज्याचा पिता ठाऊक नाही त्याच्यापुढे 'एस्पोझितो' हे विशेषण लिहिले जाऊ लागले. ते पुढच्या पिढीकडे गेले तेव्हा विशेषणाचे आडनाव झाले.

यावरून दोन अनुमाने सर्रास काढली जातात व ती दोन्ही सदोष आहेत. पहिले असे की, एस्पोझितो म्हणजे अनौरस संततीचा वंश. वस्तुतः चाकात ठेवलेल्या अर्भकांत दारिद्र्याने गांजलेल्या विवाहित दांपत्यांची मुलेही होती. पुढेमागे ओळख पटावी म्हणून अशा संस्थांतून मुलांजवळ अर्धे तोडलेले नाणे वा पदक ठेवले जाई, त्यामागे पालकांची परतण्याची आशा होती. हे नाव एका कृतीची नोंद करते; जन्माच्या वैधतेविषयी ते काहीच सिद्ध करीत नाही. दुसरे अनुमान असे की, समान आडनाव म्हणजे समान कुल. येथे तर प्रत्येक अर्भकापासून एक स्वतंत्र कुल सुरू झाले.

मिलानमधील 'कोलोंबो' या आडनावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर असल्यामुळे सोडलेल्या बालकांना 1825 पर्यंत हे नाव दिले जाई. परंतु या रुग्णालयाची स्थापना 1456 ची, तर जेनोआच्या कोलोंबो कुटुंबात क्रिस्तोफर कोलंबसचा जन्म 1451 चा. अर्थात त्याच्या घराण्याचे नाव या प्रथेतून येणे शक्यच नाही. एकाच शब्दाची दोन आडनावे भिन्न उगमांची असू शकतात. निर्णय व्युत्पत्तीने नव्हे, तर दप्तराने होतो.

शासनानेही या नावांची दखल घेतली. ज्योआकिम म्युरा हा नेपल्सचा राजा असताना (1808–1815) 'एस्पोझितो' हे नाव नव्याने देण्यास मनाई झाली आणि अधिकारी कल्पनेने आडनावे रचून देऊ लागले. हेतू उदार होता. तथापि जे नाव इतर कोणाचेच नाही ते धारकाला अधिकच वेगळे पाडते, हे त्यात ध्यानी आले नसावे. नेपल्सचे ते चाक 1875 मध्ये बंद झाले. तरीही पिता अज्ञात असल्याची खूण कागदपत्रांतून गेली नव्हती. ओळखपत्रादी कागदांवर मातापित्यांची नावे लिहिण्याची प्रथा 1955 च्या कायद्याने रद्द झाली, तेव्हा कोठे ती पुसली गेली.

'एस्पोझितो' मात्र टिकले. ते इतक्या कुटुंबांत पसरले की त्यातील मूळचा अर्थ कोणाच्या मनात येईनासा झाला. कलंक कायद्यापेक्षा संख्येनेच अधिक धुतला. म्हणून आडनावांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने शब्दाचा अर्थ आणि कुटुंबाचा इतिहास यांत भेद करावयास हवा. पहिला कोशात सापडतो. दुसरा नोंदवहीतच शोधावा लागतो, आणि काही वेळा तेथेही तो एका चाकापाशी येऊन थांबतो.