अमान्सिओ डिसिल्व्हांना कोणत्या कप्प्यात ठेवाल?

संशोधनाचा विषय घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो, “हे नेमकं कोणत्या विभागात बसतं?” तिथे अडला असाल तर हे उदाहरण बघा.

अमान्सिओ डिसिल्व्हा हे गिटारवादक. गोवेकर कुटुंब, जन्म 1936, मुंबई. साठच्या दशकात ते लंडनला गेले आणि जॅझमध्ये भारतीय सुरावटी आणून प्रयोग करू लागले. 1969 मध्ये त्यांचा ‘इंटिग्रेशन’ आला आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबतचा ‘हम दोनो’सुद्धा. नाव हिंदी, वादक गोव्याचा आणि जमैकाचा, पण ओळख ‘ब्रिटिश जॅझ’! नुसतं ‘भारतीय संगीत’ शोधाल, तर हा माणूस हातून निसटेल.

दुसरी गोम तारखांची. ‘कोकण डान्स’ वाजवला सत्तरच्या दशकात, बाहेर आला 2000 नंतर. डिसिल्व्हा 1996 मध्येच गेले होते. म्हणून ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन, दोन्ही वर्षं वेगळी नोंदवा. नाहीतर कालक्रमच चुकतो.

उद्या अमरावती-अकोल्याच्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवादकावर काम कराल, तेव्हा कदाचित एकही रेकॉर्ड मिळणार नाही. कप्पा नंतर शोधा. आधी त्यांना भेटा, ते आहेत तोवर.