दहा हजार पावलांची कुळकथा

वेळेपेक्षां आपल्या पावलांचीच अधिक चौकशी करणारें एक मनगटी यंत्र अलीकडे आमच्या गोंदियासारख्या गांवींहि पुष्कळ घरांत आलें आहे. रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर एखादे सद्गृहस्थ ओसरीवर येरझाऱ्या घालतांना दिसतात. विचारावें तर, दहा हजारांस अजून आठशें कमी आहेत, असें उत्तर मिळतें. टांच ठणकत असते, पण आंकडा भरावयाचा असतो! हा आंकडा आला कोठून, याची आज थोडी विचारपूस करूं.

पावलें मोजण्याची विद्या आपल्या देशास नवी नाहीं. कुमाऊंतील नैनसिंग रावत हा शाळामास्तर, म्हणजे आमच्याच धंद्यांतला माणूस. सर्व्हे खात्यानें त्याला गुप्तपणें तिबेटांत धाडलें आणि १८६६ च्या जानेवारींत तो ल्हासास पोंचला. सारखें पाऊल टाकण्याचा सराव त्यानें डेहराडूनला केला होता. त्याच्या माळेंत १०८ ऐवजीं १०० मणी होते. शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा. म्हणजे माळेचा एक फेरा १०,००० पावलांचा, सुमारें पांच मैलांचा. पण तो जमीन मोजीत होता, स्वतःला नव्हे.

आरोग्याचा म्हणून जो दहा हजारांचा आंकडा आहे, त्याचें कूळ निराळें. १९६४ सालीं टोकियोस ऑलिंपिक सामने झाले, जपानांत व्यायामाची हवा पसरली, आणि १९६५ सालीं यामासा कंपनीनें कमरेला लावावयाचें एक यंत्र विक्रीस काढलें. त्याचें नांव मान्पो-केई, म्हणजे ‘दहा हजार पावलांचें मापक’. आंकडा वाटोळा, नांव सुटसुटीत. जाहिरातीस आणखी काय हवें? पुढें २०१९ सालीं अमेरिकेंत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांतहि मृत्यूचें प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षां कमी आढळलें, आणि ७,५०० च्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं.

अति चालण्यानें पाय दुखावतो, हें सैन्याला फार आधीं कळलें. १८५५ सालीं ब्राइटहाउप्ट नांवाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरानें लांब कूच केलेल्या शिपायांचे सुजलेले, ठणकणारे पाय वर्णिले. कारण उमगेना. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला, आणि दोनच वर्षांनीं दिसून आलें कीं तळपायांतील लांबट हाडें चक्क तडकलेलीं असतात! ना पडणें, ना मार, केवळ चालणें.

असें कां व्हावें? हाड दगडासारखें निर्जीव नसतें. नवा भार पडला कीं शरीर आधीं हाडांतील जुना भाग काढून टाकतें आणि मग नवा भरतें. काढणें लवकर होतें, भरण्यास आठवडे लागतात. त्या मधल्या काळांत हाड अधिकच कच्चें असतें. म्हणून हें दुखणें मुरलेल्या शिपायापेक्षां नव्या रंगरुटाला अधिक होई, आणि आज तीन हजारांवरून एकदम दहा हजारांवर उडी घेणाऱ्याला होतें. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बांध्यांतून चिखल तुडवणाऱ्या बायांचीं पावलें कोणी मोजीत नाहीं; हा छंद आम्हां बसून खाणाऱ्यांचा. पंढरीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखीसुद्धां पुण्यास दोन रात्रीं मुक्काम करते. मनगटावरच्या यंत्रास मात्र मुक्काम ठाऊक नाहीं.

सगळींच दुखणीं हाडाचीं नसतात. सकाळीं बिछान्यांतून उठून टाकलेलें पहिलेंच पाऊल टांचेंत कळ आणीत असेल, तर बहुधा तळव्याचा चिवट पडदा दुखावलेला असतो. परंतु बोटानें दाबल्यावर हाडावर नेमक्या एकाच जागीं दुखलें, तर तडीची शंका घ्यावी. येथें एक फसगत संभवते. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरणांच्या चित्रांत ती तड पुष्कळदां दिसतच नाहीं. म्हणून चित्र स्वच्छ आलें तरी जाणते डॉक्टर चालणें बंद करावयास सांगतात, आणि हाड सांधण्यास सामान्यतः सहा ते आठ आठवडे लागतात.