पानामागची मजुरी आणि पानावरचे नाव

कापडाच्या ताग्यावर गिरणीचे नाव छापलेले असते. साच्यावर उभ्या राहिलेल्या विणकराचे नसते. ही रीत सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही. परंतु लाखो मुले ज्या गोष्टी वाचतात, त्या गोष्टींवरही त्या लिहिणाऱ्याचे नाव नसावे, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. अमेरिकेत असा एक उद्योग अनेक वर्षे चालला. त्यातली गाळलेली नावे पुढे उजेडात आली, ती सरकारमुळे नव्हे, विद्यापीठांमुळे नव्हे, आणि सांगताना संकोच वाटतो, पण कामगार संघटनेमुळेही नव्हे. ती शोधली जुनी पुस्तके जपून ठेवून पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या हौशी वाचकांनी. त्या वाचकांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

ही पुस्तके म्हणजे कॉमिक्स. आपल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. त्यांतून वेताळ मराठी बोलू लागला. तेव्हा हा प्रकार आपल्या घरांना अगदी परका नाही. अमेरिकेत मात्र त्याआधी पाव शतक तो एक मोठा कारखाना होऊन बसला होता. एकाने गोष्ट लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने चित्र काढावे, तिसऱ्याने त्यावर शाई फिरवावी, चौथ्याने अक्षरे घालावीत, पाचव्याने रंग ठरवावेत. सूत, विणाई, रंगाई अशी गिरणीत खाती असतात, तशीच ही खाती. मजुरी पानावर ठरलेली. पान दिले, पैसे घेतले, संबंध संपला. गोष्ट, चित्र आणि नायक या सर्वांवर मालकी प्रकाशकाची.

या व्यवहाराचा अर्थ एका उदाहरणावरून कळेल. क्लीव्हलंड शहरातील जेरी सिगेल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो छापला गेला. अंकाची किंमत दहा सेंट. तेरा पानांच्या गोष्टीचे दहा डॉलर पानाप्रमाणे एकशेतीस डॉलर दोघांना मिळून दिले गेले, आणि तेवढ्यावर सुपरमॅनचे सर्व हक्क त्यांनी सहीने लिहून दिले. पुढे १९४७ साली दोघे कोर्टात गेले. तडजोडीत थोडीफार रक्कम हाती आली. पण काम गेले, आणि कामाबरोबर सुपरमॅनच्या गोष्टींवरचे नावही गेले.

दुसरे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅन अवतरला. त्यावर बॉब केन या एकट्या चित्रकाराचे नाव होते. वस्तुतः ती पहिली गोष्ट लिहिली होती बिल फिंगर यांनी. बॅटमॅनचा तो काळोखी वेष आणि टोकदार कानांचा बुरखा त्यांनी सुचवला; ब्रूस वेन आणि गॉथम सिटी ही नावेही त्यांचीच. पण करार केन यांचा होता. फिंगर यांनी पंचवीस वर्षे बॅटमॅनच्या गोष्टी लिहिल्या, आणि वाचणाऱ्यांना हा मनुष्य जगात आहे हेदेखील ठाऊक नव्हते. मस्टरवर नाव नाही त्याने काम केले हे सिद्ध करणे किती अवघड असते, हे कामगारांत वावरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता वाचकांकडे वळू. तो काळ कॉमिक्सना अनुकूल नव्हता. युद्धकाळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत या अंकांचे ढीग लगद्यात गेले. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. सेनेटच्या उपसमितीने चौकशी केली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. अशा दिवसांत मोठ्या माणसाने वीस वर्षांपूर्वीची कॉमिक्स जमवावीत, वाचावीत आणि त्यांवर गंभीरपणे परीक्षण लिहावे, म्हणजे लोकांच्या हसण्याचा विषय होणे होते.

तरीही काही जण ते करू लागले. १९६० साली 'झीरो' नावाच्या हौशी पत्रिकेत डिक लुपॉफ यांनी कॅप्टन मार्व्हलच्या जुन्या गोष्टींवर लेख लिहिला. कोर्टकचेरीमुळे १९५३ साली बंद पडलेला हा नायक वाचकांच्या मनातून गेला नव्हता. मार्च १९६१ मध्ये 'आल्टर इगो' निघाले. ते काढणारे जेरी बेल्स हे डेट्रॉइटच्या विद्यापीठात शिकवीत. त्यांचे जोडीदार रॉय टॉमस हे मिसूरीतले तरुण. सायक्लोस्टाइलसारख्याच एका साध्या यंत्रावर काढलेल्या त्या नकला होत्या. संघटनेची पत्रके रात्री जागून काढणाऱ्या कोणालाही त्या पाहून आपलेपणाच वाटेल.

या मंडळींना एकत्र आणले ते एका छोट्या गोष्टीने. ज्युलियस श्वार्ट्स या संपादकांनी आपल्या मासिकांतील वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. श्वार्ट्स स्वतः तरुणपणी, १९३२ साली, विज्ञानकथांची हौशी पत्रिका काढणाऱ्यांपैकी होते. आणि शाळकरी सिगेल यांनीही तशीच पत्रिका काढली होती. म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा या दोन जाती मुळात निराळ्या नव्हत्या. पत्ते मिळताच गावोगावचे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, जुने अंक विकत घेऊ लागले, अदलाबदल करू लागले.

त्यांचे वाचन कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. प्रारंभी त्यांना नायकाचेच प्रेम होते. पण परीक्षण लिहायला बसले की, हा अंक चांगला आणि तो वाईट का, असा प्रश्न उभा राहतो; आणि त्यामागून दुसरा प्रश्न येतोच, की हा केला कोणी? अंकावर नाव नाही. मग मोडी कागदाचे वळण पाहून जाणकार लेखनिक ओळखतो, त्याप्रमाणे बोटांची ठेवण, सावलीच्या रेघा, संवादांची धाटणी यांवरून हे वाचक हात ओळखू लागले. ओळखलेले बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठी त्यांनी वयस्क लेखकांना आणि चित्रकारांना पत्रे लिहिली. बेल्स आणि हेम्स वेअर यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन कॉमिक्समध्ये काम केलेल्या माणसांची चार खंडांची सूची प्रसिद्ध केली. आमच्या मते त्या उद्योगाचे हे पहिले मोठे मस्टर होय, आणि ते मालकाने नव्हे, गिऱ्हाइकाने लिहिले.

बिल फिंगर यांचे नावही याच वाटेने बाहेर आले. १९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला भरलेल्या वाचकांच्या संमेलनात ते व्यासपीठावर बसले. त्यानंतर बेल्स यांनी एका हौशी पत्रिकेत लेख लिहून बॅटमॅनमधील फिंगर यांचा वाटा जाहीर केला. केन यांनी त्याच वर्षी एक लांबलचक पत्र लिहून ते नाकारले. हे पत्र पुढे 'बॅटमॅनिया' या पत्रिकेत छापले गेले. ती पत्रिका चालवणारे बिलजो व्हाइट हे आगीच्या बंबावर नोकरी करणारे गृहस्थ होते. फिंगर १९७४ साली वारले. केन यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात त्यांचे ऋण मान्य केले. मार्क टायलर नोबलमन यांनी पुन्हा शोध घेऊन २०१२ साली फिंगर यांच्यावर पुस्तक काढले, आणि २०१५ साली कंपनीने केन यांच्या नावाबरोबर फिंगर यांचे नाव अधिकृतपणे घातले. मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी.

सिगेल आणि शूस्टर यांचे तसे झाले नाही. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असे कळले, तेव्हा सिगेल कारकुनी करीत होते आणि शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सिगेल यांनी वर्तमानपत्रांना निवेदन पाठवले. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार पुढे झाले. व्यंगचित्रकारांची संस्था पाठीशी उभी राहिली. वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. डिसेंबरात समझोता झाला. दोघांना प्रारंभी वर्षाला वीस हजार डॉलर आणि सुपरमॅनवर त्यांचे नाव मिळाले.

या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हीकडे सत्य वाचकांना ठाऊक होते. एकीकडे केवळ वाचकच होते. म्हणून नाव मिळाले, पण तोंडी घास पडला नाही. दुसरीकडे त्याच धंद्यातली माणसे एकजुटीने उभी राहिली. म्हणून जिवंतपणी भाकरीही मिळाली. मात्र हा धडा त्या धंद्याच्या पचनी पडला नाही. १९७८ साली ॲडम्स यांनी कॉमिक्सच्या निर्मात्यांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. ती टिकली नाही.

वाचकांच्या हौसेचीही दुसरी बाजू आहे. जुन्या अंकांचा बाजार झाला. दहा सेंटांच्या त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ साली बत्तीस लाख डॉलरांना विकली गेली. एकशेतीस डॉलरांची नोंद असलेला तो मूळ चेकसुद्धा २०१२ साली एक लाख साठ हजार डॉलरांना गेला. मजुरीपेक्षा मजुरीचा कागद हजारपटीने महाग ठरावा, यापेक्षा बोलका हिशेब आमच्या पाहण्यात नाही.

तथापि, त्यामुळे त्या पहिल्या वाचकांचे मोल कमी होत नाही. पोरकट म्हणून टाकून दिलेला कागद त्यांनी उचलला आणि हा कोणाच्या हातचा, असे विचारले. इतिहास बहुधा या प्रश्नापासूनच सुरू होतो. आपणही पुस्तक, कापड, घर, काहीही हाती घेताना तो विचारावा. उत्तर मिळाले तर ते लिहून ठेवावे. आणि तो हात अजून काम करीत असेल, तर नुसते लिहून थांबू नये.